शाफ्टमध्ये प्लंबर मावतो का?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात असं. वय 26, आर्किटेक्चरची पदवी घेऊन तीन वर्षं झालीत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मातीच्या शाळेचा होता आणि परीक्षकांनी तो नावाजला होता. पर्यावरणपूरक इमारतींसाठी ओळखल्या जाणाऱ्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. प्रत्यक्षात वाट्याला आले टॉयलेटचे लेआउट, दार-खिडक्यांची शेड्यूल (मापं-तपशिलांच्या याद्या) आणि जिन्याचे डिटेल. ‘ग्रीन’ म्हणावा असा एकच प्रकल्प हाती आला, तोही काचेच्या ऑफिस इमारतीचा, आणि त्यात काम होतं इमारत किती ‘ग्रीन’ हे ठरवणाऱ्या रेटिंगच्या पॉइंटांसाठी कागद गोळा करण्याचं. तिचा एक मित्र म्हणतो, हे रेटिंग म्हणजे सगळा देखावा आहे. पश्चिमेची काच कमी करूया, असं तिने एकदा सरांना सुचवलं. ‘क्लायंटने एलिव्हेशन (दर्शनी बाजूचं ड्रॉइंग) मंजूर केलंय’ एवढ्यावर विषय संपला. आता तिच्यासमोर तीन वाटा आहेत: कर्ज काढून पर्यावरणीय डिझाइनमध्ये मास्टर्स करायचं, मातीची बांधकामं करणाऱ्या एखाद्या गटात जायचं, किंवा डिझाइन सोडून ग्रीन कन्सल्टंट व्हायचं. ‘माझी उमेदीची वर्षं वाया चाललीत का?’ हा तिचा प्रश्न.

*

तुझ्या पत्रात ‘टॉयलेट’ हा शब्द सहा वेळा आलाय. मी मोजले. (तुला ‘तू’ म्हणतेय, चालेल ना? माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे.) सहाही वेळा तो असा आलाय, जणू तुला शिक्षा झालीय. म्हणून सुरुवात तिथूनच करते, आणि माझ्या एका चुकीपासून करते.

मी तुझ्याएवढी असताना एका वसतिगृहाचे टॉयलेट माझ्याकडे आले होते. मलाही ते काम दुय्यम वाटायचं. शाफ्ट, म्हणजे पाइप वर-खाली नेणारी उभी पोकळी, 450 मिलिमीटर रुंद ठेवला. प्लॅनवर पाइप नीट बसत होते, खोल्यांना चार इंच जास्त मिळाले, सगळे खूश. दहा-बारा वर्षांनी तिसऱ्या मजल्यावरचा एक जॉइंट गळायला लागला. प्लंबर आला, शाफ्टमध्ये डोकावला आणि परत गेला, कारण त्यात माणूस शिरूच शकत नव्हता. मग आतून टाइल फोडल्या. पुढच्या वर्षी दुसरा जॉइंट, पुन्हा टाइल. तोवर पाणी स्लॅबमध्ये मुरून सळया गंजल्या होत्या. शेवटी टॉयलेटची ती अख्खी बाजू पाडून नव्याने बांधावी लागली. तेवढ्याच विटा, तेवढंच सिमेंट, तेवढंच स्टील दुसऱ्यांदा. गंमत म्हणजे त्या इमारतीत पावसाचं पाणी साठवायची टाकी होती आणि आम्ही तिची ओळख ‘पर्यावरणपूरक वसतिगृह’ अशीच करून द्यायचो.

तू शाश्वत डिझाइन आणि ‘बाकीचं काम’ असे दोन खण पाडलेस. हीच फाळणी मला तपासून बघावीशी वाटते. इमारत पन्नास वर्षं टिकते की वीस, हे ठरवण्यात गळणारा जॉइंट, गच्चीचा उतार आणि खिडकीच्या सिलचा टपक-खाचा (पाणी भिंतीवर न ओघळता खाली टपकावं म्हणून ठेवलेली खाच) यांचा वाटा मोठा असतो. आणि ते सगळं सध्या तुझ्या टेबलावर आहे.

पाण्याचा हिशेबही एकदा करून बघ. जुन्या फ्लश टाक्या एका वेळी 12 लिटरच्या आसपास पाणी सोडायच्या. आजच्या दोन बटणांच्या टाकीत पूर्ण फ्लश 6 आणि अर्धा 3 लिटर असं सर्रास मिळतं. एका माणसाचे दिवसाला एक पूर्ण आणि तीन अर्धे धर, म्हणजे 48 लिटरऐवजी 15. दोनशे माणसांच्या इमारतीत रोजचे 6,600 लिटर वाचले. तुझ्या सॅनिटरी शेड्यूलमधल्या एका ओळीने. अर्थात ती टाकी गळत राहिली तर सगळी बचत नाल्यात जाते. म्हणून ती दुरुस्त करायला हात आत जातो का, हेही तूच बघायचंस.

दार-खिडक्यांचंही तेच. जर्मनीत डार्मस्टाट इथे 1991 मध्ये पहिलं पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेवर चालणारं घर, राहतं झालं, चार घरांची एक साधी रांग. घर गरम ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे 15 किलोवॉट-तासांपेक्षा जास्त ऊर्जा लागू नये आणि आत-बाहेर 50 पास्कल दाबाच्या फरकाला तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीहून अधिक हवा गळू नये, अशा अटी त्या पद्धतीने पुढे प्रमाण म्हणून घातल्या. या दोन आकड्यांचं भवितव्य ठरतं कुठे? खिडकीची चौकट भिंतीला भेटते त्या सांध्यात. तुझ्यासारखीच कुणीतरी तो सांधा एकास पाच स्केलला काढत बसली असणार.

हवामान वेगळं असेल तर अटी वेगळ्या असतात. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवूनच जगता येतं अशा दमट प्रदेशात हवाबंदपणा काय कामाचा? पण सांध्याकडे बघायची नजर कुठेही तीच लागते.

आता मातीकडे वळते. इथे जरा जपून बोलायला हवं, कारण तुझा जीव तिथे अडकलाय हे दिसतंय.

मातीच्या शाळेने तुला जे शिकवलं ते खोटं नव्हतं. सिमेंट उद्योगातून जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी 7 ते 8 टक्के होतं, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक जळणामुळे नसून चुनखडी तापून फुटते तेव्हा तिच्यातूनच बाहेर पडतं. भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी तो भाग राहतोच. तेव्हा सिमेंट कमी करायची तुझी ओढ अगदी रास्त आहे. पण ‘माती म्हणजे चांगलं, काँक्रीट म्हणजे पाप’ इथवर आपण पोचलो की डिझाइन थांबतं आणि धर्म सुरू होतो.

आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांची बुर्किना फासोमधल्या गांडोची प्राथमिक शाळा बघ, 2001 ची. पुढे 2022 मध्ये त्यांना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. त्या शाळेचे फोटो दाखवताना सगळे मातीच्या भिंतीकडे बोट दाखवतात. त्या विटांमध्ये थोडं सिमेंट मिसळलेलं आहे, म्हणजे माती ‘शुद्ध’ नाही. आणि खरी करामत वर आहे: भिंतींपासून उचलून धरलेलं, चारी बाजूंनी पुढे आलेलं पत्र्याचं छप्पर. खाली विटांचं सच्छिद्र छत आणि मधल्या पोकळीतून वाहणारं वारं. पत्रा तापतो, पण त्याची झळ वर्गात उतरायच्या आत वारा ती घेऊन जातो. शिवाय पुढे आलेलं छप्पर पावसापासून त्याच मातीच्या भिंतींना जपतं. सावली, वारा आणि पाणी यांचा हा सेक्शन (इमारतीचा उभा छेद) आहे. माती त्यातलं एक पात्र. तुझ्या शाळेच्या सेक्शनमध्ये छताचं काय होतं, हे कळवशील?

दुसरं टोकही बघून ठेव. फ्रान्समध्ये बोर्दो इथे ग्राँ पार्क वसाहतीतल्या 530 घरांच्या जुन्या इमारती होत्या. लाकाताँ आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीने आणखी दोन आर्किटेक्टांसोबत त्या पाडल्याच नाहीत. दर्शनी भिंतीला पुढून 3.8 मीटर खोलीची नवी चौकट जोडली, त्यात काचेच्या बंदिस्त बाल्कन्या आणि मोकळे सज्जे दिले. घरं मोठी झाली, उजेड वाढला, आणि काम चालू असताना रहिवाशांना घरं सोडावी लागली नाहीत. 2021 चं प्रित्झकर या दोघांना मिळालं. मातीचा कण नाही, साध्या गृहसंकुलाची दुरुस्तीच म्हण ना. पण पाडकाम आणि नवं बांधकाम टळल्याने जो कार्बन वाचतो, तो कुठल्याही ‘ग्रीन’ मटेरियलने भरून काढायला वर्षं जातात. तुझ्या ऑफिसात डागडुजीचं किंवा वापर बदलण्याचं एखादं काम कोपऱ्यात पडलं असेल, कुणाला नको असेल, तर हात वर कर.

आता त्या रेटिंगच्या कागदांचं. तुझा मित्र म्हणतो, सगळा देखावा आहे. अर्धं बरोबर. ब्रीम ही रेटिंगची पद्धत 1990 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली, त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून लीड आलं, मग जागोजागी अशा पद्धती निघाल्या. बहुतेक ठिकाणी पॉइंट मिळतात ते ड्रॉइंगवरच्या आणि संगणकावरच्या अंदाजांना. इमारत वापरात आल्यावर वीज किती जळली हे बघायला फारसं कुणी परत जात नाही, आणि हा फरक कधीकधी लाजिरवाणा असतो. सायकल स्टँडचा पॉइंट घ्यायचा आणि पश्चिम बाजू काचेने मढवायची, हे मीही पाहिलंय.

पण तुला त्या फायलीत काय मिळालं ते बघ. सल्लागाराचं एसीच्या भाराचं गणित, काचेचे तांत्रिक तक्ते, प्लंबिंगचे हिशेब, काँक्रीट मिक्सचे तपशील हे सगळं एरवी तिसऱ्या वर्षाच्या आर्किटेक्टला कोण दाखवतं? तू फक्त गोळा केलंस की वाचलंस? खरं सांग. प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचार: हा आकडा कुठून आला, आणि तो निम्मा करायचा असता तर कोणता निर्णय कधी बदलावा लागला असता? असे दहा कागद वाचलेस तर मास्टर्सचं एक सत्र पदरात पडेल.

तिथूनच तुझ्या पश्चिमेच्या काचेवर येते. सरांचं उत्तर मला आवडलं नाही. तुझं विचारणंही फारसं आवडलं नाही, राग मानू नकोस. ‘काच कमी करूया’ हे मत झालं. एलिव्हेशन मंजूर झाल्यावर मताला किंमत उरत नाही. हिशेबाला उरते.

10 चौरस मीटर काच धर. एकेरी साध्या काचेचं यू-मूल्य, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा, 5.7 च्या आसपास असतं. बाहेर आतल्यापेक्षा 10 अंश जास्त असेल तर काचेतून नुसत्या तापमानफरकाने 570 वॉट उष्णता आत येते. दुहेरी काच लावली की यू-मूल्य साधारण 2.8, म्हणजे 280 वॉट. वाचले 290. विक्रेता इथेच थांबतो आणि टाळ्या घेतो. आता ऊन मोज. संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला 500 वॉट धर आणि साधी काच त्यातलं 80 टक्के आत सोडते. झाले 4,000 वॉट! दुहेरी काचेने वाचवलेले 290 त्यासमोर किरकोळ. हीच काच 4 चौरस मीटर केली तर उन्हाचे 1,600 उरतात. उरलेल्या 6 चौरस मीटरला विटांची भिंत आली, तिचं यू-मूल्य साधारण 2 धरलं तर तिच्यातून 120 वॉट. आणि काच अजिबात कमी करायची नसेल, तर उन्हाला बाहेरच्या बाहेर अडवायचं. आतला पडदा फारसा कामाचा नाही, ऊन काच ओलांडून घरात शिरलेलं असतं. वर आडवा छज्जाही नाही, कारण मावळतीचं ऊन खालून, तिरकं येतं. छज्जा शोभतो तो विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या बाजूला, जिथे दुपारचा सूर्य वर असतो. पश्चिमेला उभे फिन (भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या), जाळी, झाडं किंवा बाहेरून सरकणारे पडदे लागतात.

हे एका पानावर मांडून सरांकडे गेली असतीस, आणि सोबत ‘उभे फिन लावले तर मंजूर एलिव्हेशनची रेघ फारशी हलत नाही, एसी मात्र लहान होतो’ असा एक स्केच दिला असतास, तर? कदाचित तरीही नाही म्हणाले असते. पण ‘एसी लहान होतो’ हे वाक्य त्यांना क्लायंटपुढे वापरता आलं असतं. वरिष्ठांना पटवायचं म्हणजे पुष्कळदा त्यांच्या हातात पुढच्या मीटिंगचं वाक्य द्यायचं.

आणि वेळ. इमारत कोणत्या दिशेला तोंड करणार, ती किती खोल असणार, भिंतीत काच किती, हे पहिल्या काही आठवड्यांत ठरतं. तू प्रकल्पात येतेस तोवर हे तिन्ही गोठलेले असतात, मग उरतात पॉइंट आणि पेंट. म्हणून पुढच्या प्रकल्पाच्या पहिल्या मीटिंगला बसू द्या, असं स्पष्ट माग. मिनिट्स लिहायला का होईना. जाताना त्या जागेचा सूर्यमार्ग आणि वाऱ्याचा अभ्यास करून ने. जगभरच्या बऱ्याच ठिकाणांच्या हवामानाच्या फायली फुकट मिळतात. इमारतीच्या ऊर्जेचं गणित करणारा एनर्जीप्लस हा प्रोग्राम फुकट आहे, हवामानाचा अभ्यास करायची लेडीबगची साधनंही खुली आहेत. महिन्याभराच्या संध्याकाळी खर्ची पडतील. पण आधी वर दाखवलं तसं हाताने गणित करत जा, नाहीतर संगणकाने दिलेला चुकीचा आकडाही तुला सुंदर रंगांत पटेल.

एक छोटा प्रयोग सुचवते, सुरुवात करायला कुणाची परवानगी लागणार नाही असा. काँक्रीटच्या तपशिलात सिमेंटचा काही भाग फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅगने (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीने) बदलायला स्ट्रक्चरल इंजिनिअर तयार आहेत का, विचार. ते म्हणतील, अशा मिक्सची ताकद सावकाश येते, सेंटरिंग (काँक्रीटला खालून दिलेला तात्पुरता आधार) उशिरा काढावं लागेल. मग साइटवर विचार, वेळापत्रकात ते दिवस कुठे बसतील. पाया आणि राफ्टसारख्या (इमारतीखालच्या सलग जाड स्लॅबसारख्या) ठिकाणी अनेकदा बसतात, आणि ताकद 28 ऐवजी 56 दिवसांवर मोजायला इंजिनिअर राजी होतात. हे काम तू पार पाडलंस तर त्या इमारतीचा जेवढा कार्बन वाचेल, तेवढा तुझ्या मातीच्या शाळेने कागदावर वाचवला नसेल. फोटो मात्र निघणार नाही त्याचा.

आता तुझ्या तीन वाटा. मास्टर्स वाईट नाही. पण ‘इथून सुटका’ म्हणून कर्ज काढू नकोस. कोणता प्रश्न घेऊन जाणार, हे एका वाक्यात लिहिता आलं तर जा. ‘दमट हवेत जुन्या इमारती पंख्यावर कशा चालवायच्या’ हा प्रश्न झाला, ‘सस्टेनेबिलिटी’ हे नुसतं शीर्षक. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष इमारतीत जाऊन तापमान मोजायला लावतात का, तेही विचारून घे. नुसतंच सिम्युलेशन असेल तर ते घरबसल्याही येतं.

मातीच्या गटात जायचं तर राजीनामा देऊन जाऊ नकोस, आधी सुट्टी काढून तीन-चार आठवडे जा. हाताने विटा पाड, पावसाळ्यानंतर जुनी कामं दाखवायला सांग. नवी कामं सगळेच दाखवतात. आणि पगाराचं पहिल्याच दिवशी बोल. उदात्त कामाच्या नावाखाली तरुण मुलांना फुकट राबवून घेणं, हेही शाश्वत नव्हे. यावर माझं मत ठाम आहे.

कन्सल्टंट होणं ही हार नाही. मला भेटलेल्या काही सर्वांत प्रामाणिक माणसांत दोघं-तिघं कन्सल्टंट आहेत. पण त्यांची तक्रारही ऐक: त्यांना बोलावतात तेव्हा इमारतीचा आकार ठरलेला असतो. आज तू ज्या गोष्टीने चिडलीस, तीच तिथे रोज असेल. आकडे तुला चित्राइतकेच आवडत असतील तरच तिकडे जा.

चौथी वाट तू लिहिली नाहीस: याच ऑफिसात ठरावीक मुदतीने राहायचं, समज एक वर्ष. या काळात तुला एक इमारत पायापासून ताब्यापर्यंत बघायला मिळते का, आठवड्यातून एकदा तरी साइटवर पाठवतात का, तुझ्या चुका कुणी बसून दाखवतं का, पहिल्या मीटिंगला बसू देतात का, यावर लक्ष ठेव. चारांपैकी दोन गोष्टीही मिळाल्या नाहीत तर खुशाल सोड. तेव्हा ते ऑफिस तुला शिकवत नसेल, वापरत असेल, आणि माझं हे सगळं टॉयलेट-पुराण तुला तिथे बांधून ठेवायला वापरू नकोस. खोट्या आकड्यांवर सही करायला सांगितलं तर मात्र वर्षभरही थांबू नकोस.

जाण्याआधी एक काम कर. तुझ्या ऑफिसची दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालेली एखादी इमारत गाठ, भर दुपारी. वीजबिलं मिळाली तर उत्तम, नाहीतर तिथल्या देखभाल करणाऱ्या माणसाशी तासभर बोल. कोणती खिडकी कायम बंद असते, कुठे पुठ्ठा लावलाय, कोणत्या खोलीत एसी सतत चालू ठेवावा लागतो, हे तो धडाधड सांगेल. आमच्या एका इमारतीत मोठ्या हौसेने केलेल्या वायुवीजनाच्या झडपा लोकांनी पहिल्याच पावसात चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. पाणी आत यायचं. तो सेक्शन माझाच होता, आणि त्या झडपेच्या खाली उतार द्यायचा राहिला होता.

जाऊन आलीस की लिही. सध्या जो टॉयलेट ब्लॉक काढते आहेस, त्याच्या शाफ्टची रुंदीही कळव.